ओहोटीआधीची चाळणी

कोणी जगावे आणि कोणी मरावे, हे ठरवण्याचा अधिकार मला एकदाच मिळाला. खाडीकाठच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर अडला होता. डिझेलच्या पावत्या निघेनात, पावतीशिवाय डिझेल मिळेना आणि ओहोटी लागली की होड्या गाळात बसणार, म्हणून मला शाळेतून बोलावून आणले.

"मास्तर, पानी थांबायचा न्हाय," होडीवरचा म्होरक्या, तांडेल, म्हणाला.

मी चार ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. कॉम्प्युटरच्या आत चालू असलेल्या प्रोसेसपैकी तासाहून जुन्या, भरपूर मेमरी खाणाऱ्या आणि पावतीशी संबंध नसलेल्या तेवढ्याच दाखवायच्या. एकच उरली. ती 'मारताच', म्हणजे बंद करताच, प्रिंटर धडधडला आणि सगळ्या होड्या भरल्या पाण्यात बाहेर पडल्या.

मी बंद केला तो सोसायटीच्या अध्यक्षांच्या हस्ते झालेल्या याच कॉम्प्युटरच्या उद्घाटनाचा व्हिडिओ होता. अध्यक्ष तो रोज सकाळी लावून जात.