काफी गळेपर्यंत

माझे सासरे सेतूराव यांना ज्या दिवशी काही दुखत नसे, त्या दिवशी जास्त धास्ती वाटे. अंग आज एवढं गप्प का, म्हणून! मी इन्नंबूर गावाहून लग्न होऊन कुंभकोणच्या मेलकावेरीत आले आणि त्यांच्या पाया पडले, तेव्हा आशीर्वादाच्या आधी त्यांनी विचारलं, "पोरी, माझा हात गार लागतो कां?"

कुंभकोणच्या स्टेशनात ते तिकिटं देत. इंग्रजांचं राज्य, साहेब कडक, पण मामंजींच्या कामात कधी चूक निघाली नाही. फक्त खिडकीपलीकडे कोणी खोकलं, की तो खोकला संध्याकाळी आमच्या घरी येई. एकदा जेवणावर विडा खाऊन परसात थुंकले आणि लाल पाहून मटकन खालीच बसले. कुंभकोणच्या पानाची ख्याती सगळ्या मुलखात, आणि याच गावात जन्मलेल्या माणसाला ते आठवू नये! मी तोंडात पदर कोंबून हसले. पण त्यांच्या कपाळावरचा घाम खरा होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तशी त्यांची गत होती.

सासूबाईंनी, म्हणजे मीनाक्षीबाईंनी, यावर एक नेम काढला होता. आमच्याकडे काफीचं पितळी भांडं दुमजली असतं. वर पूड घालून उकळतं पाणी ओतायचं, खाली काळा अर्क थेंबथेंब उतरतो. सकाळी पाणी ओतलं की सासूबाई म्हणत, "हं, सांगा." मामंजी शेजारी चटईवर आडवे होऊन सुरू करत: छातीत टोचलं, डाव्या कानात घुमलं, जीभ पांढरी पडली. सासूबाई पाय पसरून भाजी निवडत सगळं ऐकून घेत. हसत नसत, चिडतही नसत. थेंब थांबले की म्हणत, "झालं. उद्यास ठेवा कीं थोडं." मग दिवसभर दुखण्याचा शब्द काढायचा नाही. कधी मामंजी वेळ वाढवायला हळूच वरून चमचाभर पाणी घालू जात, आणि हातावर चापट खात. त्यांचा सगळा संसार या नेमावर चालला होता.

महामखाच्या साली गावात बारा वर्षांनी येणारी तीर्थस्नानाची यात्रा भरली. स्टेशनावर माणसांचा पूर लोटला. कॉलऱ्याची सुई टोचून घ्यायची मामंजींना धास्ती, न टोचावी तर त्याहून मोठी धास्ती. यात्रा पांगली, तरी रोज सकाळी टोचलेल्या दंडाचंच पुराण चाललं होतं. असंच एकदा सांगता सांगता ते मध्येच थांबले. चटईवर आडवे असल्यामुळे सासूबाईंचे पाय अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

"अगे, तुझी जोडवी बोटांत रुतलीत."

"पाण्यांत काम करते. सुजतात पाय. तुमी दंडाचं सांगा."

मामंजी उठून बसले. त्यांनी सासूबाईंच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. स्वतःचे घोटे ते रोज असे दाबून पाहत, तिथे खळगा कधी पडला नव्हता. ते काफी न घेता, अंगात सदरा न घालता बाहेर पडले आणि कल्याणराम डॉक्टरांना घेऊनच आले.

डॉक्टर आमच्यातलेच, घरी मराठी बोलणारे, मामंजींना ओळखून असलेले. हसत हसत नळी कानाला लावून म्हणाले, "चला राव, छाती दाखवा."

"माझी नव्हे. हिची."

डॉक्टरांनी सासूबाईंची छाती तपासली, आणि त्यांचं हसू मावळलं. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की हृदय फार थकलं आहे, अंगात पाणी साचतं आहे, दमही कधीचा लागत असणार. "वेळेवर कळलं, राव. अजून दिवस गेले असते तर माझ्या हातांत काही उरलं नसतं."

ते गेल्यावर मामंजींनी विचारलं, "दम लागत होता, तर सांगितलं कां नै?"

"घरांत एक दुखणेकरी पुरे, म्हटलं. तुमी ऐकून भीतीनंच मेला असतां."

"भीतीनं कोण मरत नै. हें माझ्याहून कोणास ठाऊक?"

त्यानंतरचे महिने कठीण गेले. सासूबाईंचं मीठ बंद, जिना बंद, औषधाच्या वेळा मोठ्या काटेकोर. आम्ही विसरायचो, मामंजी कधी विसरले नाहीत. काळजी करण्याचा त्यांचा जन्माचा सराव होता, तो आता कामी आला. त्यांचा पराचा कावळा करणारा स्वभाव मी कितीदा माहेरी जाऊन चेष्टेनं सांगितला असेल. पण त्या स्वभावानंच माझी सासू मला परत दिली. देवाला हात जोडते तेव्हा त्या घाबरट माणसालाही जोडते.

सासूबाई पुन्हा चुलीपाशी येऊन बसू लागल्या, त्या सकाळी काफीचं पाणी मामंजींनी ओतलं आणि म्हणाले, "हं, सांग."

"काय सांगूं?"

"काय होतं तें."

सासूबाईंनी जन्मभर नुसतं ऐकलं होतं. सांगायचं कसं, हे त्यांना येतच नव्हतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. खाली थेंब पडत राहिले, मग विरळ झाले. मामंजींनी वरून चमचाभर पाणी घातलं. सासूबाईंचा हात सवयीनं चापट मारायला उठला आणि तसाच मांडीवर परत गेला. मामंजींनी आणखी एक चमचा घातला.

"रात्री," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "डाव्या कुशीवर निजले, कीं भ्या वाटतं."

मामंजी चटईवर सरकून जवळ बसले आणि पाणी घालत राहिले. त्या दिवशीची काफी इतकी पांचट झाली, की दूध ओतल्यावर तिला रंगसुद्धा येईना. आम्ही सगळ्यांनी ती पेला निथळून प्यायली.