गुढीखालचं घड्याळ

आमच्या यांचा स्वभाव आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. देवासला मोबाइलच्या कंपनीत बावीस वर्षं मेकॅनिक, पण हातात स्वतःचं घड्याळ नाही. साऱ्या मुलुखाची वेळ सांभाळण्यात जन्म गेला.

शेजारच्या भवानीबाईंच्या घरात खालच्या खोलीत यांच्या कंपनीचं मशीन आहे. गच्चीवर लोखंडी खांब, त्याच्या टोकाला पांढरी डबीसारखी अँटेना. ती आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ घेते आणि मशीनला देते. तिथून तारेवाटे तीच वेळ धार, बदनावर, राजगढपर्यंतच्या टॉवरांना जाते. सगळे टॉवर एका ठेक्यात चालले नाहीत तर बोलता बोलता फोन तुटतात. मला हे लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

यंदा पाडव्याला सकाळी आठलाच मशीन ओरडायला लागलं, वरून वेळ येईना. हे धापा टाकत गच्चीवर गेले, बघतात तो काय, खांबाला रेशमी खण, कडुलिंब, गाठी, आणि अँटेनावर तांब्या पालथा! भवानीबाईंना काठी सापडली नव्हती. आयता खांब दिसला, उभारली गुढी. मला हसू आवरेना, यांना मात्र घाम फुटला.

महिन्याआधीच इंदूरच्या साहेबांनी बजावलं होतं, आता एक जरी तक्रार आली तरी नोकरी गेली समजा. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. मशीनमधलं घड्याळ आकाशाशिवाय दहा तास दम धरतं, म्हणजे सहापर्यंत. गुढी उतरते दिवस मावळताना, पावणेसातला.

मी म्हटलं, सरळ काढा तो तांब्या. पण हे बाईंना विचारायला गेले. त्या यांना भाऊ मानतात, म्हणाल्या, “भिया, मागल्या पाडव्याला गुढी दुपारीच पडली, अन् वैशाखात आमचे गेले. आता गुड्डीला आठवा लागलाय.” गुड्डी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक.

हे गुपचूप खाली आले. नोकरीचा शब्दसुद्धा काढला नाही. मी अशी भडकले की विचारू नका. घरच्यांचं पोट दिसत नाही, शेजारणीची गुढी दिसते! दुपारी डबा तेवढा नेऊन यांच्यासमोर आपटला. साहेबांना यांनी फोनवर सांगितलं, अँटेनात खराबी आहे, संध्याकाळपर्यंत ठीक होईल. आणि मशीनसमोर स्टुलावर बसून राहिले.

सव्वासहाला बदनावरकडचे फोन तुटायला लागले. अर्धाच तास, पण तेवढा पुरला. गुढी उतरली, वेळ परत आली, आणि तिसऱ्या दिवशी कामावरून काढल्याची चिठ्ठी आली.

भवानीबाईंना कळलं, तशा रडतच आमच्याकडे आल्या. “मला सांगायचं तरी. मी माझ्या हातानं उतरवली असती.”

“म्हणून तर नाही सांगितलं,” हे म्हणाले. “उतरवली असती, अन् गुड्डी बाळंत होईपर्यंत तुमच्या डोळ्याला डोळा लागला नसता.”

तीन दिवस भांडणाची जुळवाजुळव केलेली मी. उठले आणि तिघांचा चहा टाकला.