स्वित्झर्लंडातली ओहोटी

आमच्या नागावच्या पेंटरकाकांना काहीही काढायला सांगा, ते नागावच काढायचे. शाळेच्या भिंतीवर हिमालय काढला, तर शंकराच्या मागे दोन माड! हेडमास्तर म्हणाले, "बबनराव, कैलासावर माड?" काका म्हणाले, "मग गुरुजी, देवानं एवढी वर्षं खाल्लं काय? बर्फ?" माड राहिले. मुलं अजून त्यांच्यासमोरच प्रार्थना म्हणतात.

खरा धंदा होड्या रंगवण्याचा. त्यात खोड अशी, की होडीच्या नावापेक्षा यांची सही मोठी. मालक चिडायचे. काकांचं उत्तर तयार असे, "बुडाली तर होडीला कोण विचारतंय? रंगवली कुणी, तेच विचारतील." अशा माणसाला खरं तर दारात उभं करू नये. पण तसा निळा आसपास कुणालाच जमत नव्हता, तेव्हा सगळे नाक मुठीत धरून त्यांच्याकडेच यायचे. मला रंग कालवायला त्यांनीच शिकवलं, शिव्यांसकट.

पुढे मी चित्रकला शिकायला मुंबईला गेले आणि पहिल्याच वर्षी मला शिंगं फुटली. गावचं काही चित्रात डोकावलं की मी ते खोडून टाकायची. लाज वाटायची, दुसरं काय!

त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाने, दादाने, घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. जेवणाच्या खोलीत त्याला भिंतभर स्वित्झर्लंड हवं होतं. नागावचा समुद्र बघायला आलेल्या माणसाला स्वित्झर्लंड कशाला, हे दादालाच ठाऊक. मी सुट्टीला घरी आले होते, तेव्हाच त्याने काकांच्या हातात एक कॅलेंडर दिलं. चार दिवसांत डोंगर, बर्फ, लाकडी घरं, सगळं झकास झालं. फक्त तळ्यात पाणी नव्हतं. चिखल होता, आणि त्यात चार होड्या कुशीवर कलंडलेल्या.

"पाणी कुठाय?" दादा ओरडला.

"ओहोटी हाय," काका म्हणाले.

"स्वित्झर्लंडला?"

"मग काय, तिकडं पाणी चोवीस तास ड्युटीवर असतं?"

मी पोट धरून हसले. दादा माझ्याकडे वळला. "तू शिकतेस ना? सांग यांना." काकाही ब्रश खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. आणि मी शहाणी! म्हटलं, "चूक आहे, काका. तळ्याला भरती-ओहोटी नसते."

काका ब्रश उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी चिखलावर निळं पाणी फिरवलं, होड्या सरळ उभ्या केल्या आणि सही न करता निघून गेले. दादा खूश. मीही.

शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी माझी सगळी चित्रं चाळली आणि विचारलं, "हात चांगला आहे. पण ही काढणारी राहते कुठे?" दिवाळीत गावी आले ती तडक काकांकडे गेले. ते दम्याने पार खंगले होते. म्हटलं, "काका, त्या भिंतीचं माझं चुकलं."

"न्हाय गो बाय, बरोबर बोललीस तू. तळ्याला कसली ओहोटी? येवढं मला कळत न्हाय?" खोकल्याची उबळ जाईपर्यंत ते थांबले. "पण होडी रंगवायची तर पाणी गेल्यावरच. चाळीस वर्षं मी होडी कलंडलेलीच बघितली. पाण्यावर उभी राह्यली की ती मालकाची. कलंडली हाय तवर माझी."

महिन्याभरात काका गेले. तेराव्याला आले, तेव्हा मी रंग खरवडायचं पातं घेऊन सरळ जेवणाच्या खोलीत घुसले. पाहुणे ताटावर बसलेले. दादा बोंबलत राहिला, मी भिंत खरवडत राहिले. मला तो चिखल हवा होता. निळा रंग सुटला, पण एकटा सुटेना. जिथे पाणी निघालं तिथे चिखलही निघाला, आणि त्याच्याबरोबर होड्याही. पाहुण्यांसमोर मी भोकाड पसरलं. खाली नुसता चुना होता.