उजव्या खिशातल्या गोळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या मोज्यांची भोकंसुद्धा पाठ आहेत. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही सर्जेरावला ओळखत नाही, म्हणून असेल.

सर्जेराव माझा शाळेपासूनचा दोस्त. आता दोघंही कागलच्या एमआयडीसीत, एकाच कारखान्यात. गडी पट्टीचा पोहणारा. नववीत असताना मी पंचगंगेच्या पुरात बुडत होतो, तेव्हा त्यानंच केसाला धरून मला बाहेर ओढलं. जीव वाचवला — खरं आहे. पण ते त्यानं पुढं वीस वर्षं सांगितलं. माझ्या लग्नाच्या पंगतीत सांगितलं. पोरीच्या बारशाला सांगितलं. मी कसा गटांगळ्या खात होतो, वर आल्यावर आईला हाका मारत कसा रडलो — सगळं नक्कल करून. माणसं पोट धरून हसायची. मीही हसायचो. दुसरं काय करणार?

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र अंदमानला गेलो. एक दिवस शिडाची बोट ठरवली — या बेटावरून त्या बेटावर, दिवसभर. उलटीच्या गोळ्या माझ्याकडे होत्या. सकाळी आम्ही तिघांनी एकेक घेतली. सर्जेराव म्हणाला, "मला कशाला? मी पुरात पवलेला गडी हाय." आणि घरून आणलेल्या चटणीत कच्चं तेल ओतून त्यानं अर्धा डझन पाव चापले.

बोट सुटली तशी त्यानं पुराची गोष्ट काढली. या वेळी खलाशांसाठी, मोडक्यातोडक्या हिंदीत. ते माझ्याकडे बघून हसले. ज्यांना माझं नावही माहीत नव्हतं, ते हसले.

तासाभरात त्याला बोट लागली. कडेला लोंबकळून ओकत होता. पोटात काही उरलं नाही, तरी ओकतच होता. मग सरकत माझ्याजवळ आला, माझा गुडघा धरला.

"बाळू, गोळी दे की लेका. मरतोय मी."

गोळ्या माझ्या उजव्या खिशात होत्या. मी डावा खिसा उलटा करून दाखवला. संपल्या, म्हणालो. तोंडातून निघून गेलं असं म्हणू का? पण मग नंतर द्यायला अख्खा दिवस होता.

वर काय केलं, सांगू? शर्टाच्या खिशात नृसिंहवाडीच्या अंगाऱ्याची पुडी होती, आईनं निघताना दिलेली. ती त्याच्या हातावर ठेवली. जिभेवर टाक, दत्तमहाराज बघून घेतील, म्हणालो. त्यानं आधी कपाळाला लावला, मग डोळे मिटून चिमूटभर तोंडात टाकला. पुन्हा ओकला. पुन्हा मागितला. पुन्हा दिला. बाकीचे दोघे हळहळत होते — आणि मला, आता खरंच सांगतो, मजा येत होती. तो आईला हाका मारायला लागला, तेव्हा तर जास्तच.

संध्याकाळी त्याला उचलून उतरवावं लागलं. दवाखान्यात सलाइन लावली. डोळे उघडल्यावर त्यानं माझा हात धरला, तो सोडेचना.

आता दर पौर्णिमेला तो मला वाडीला घेऊन जातो. नदीत मात्र उतरत नाही. पाणी बघितलं की पोटात ढवळतं, म्हणतो. वरच्या पायरीवर बसतो, आणि मी खालून तांब्या भरून आणून त्याच्या डोक्यावर ओततो. मग तो माझ्यासाठी अंगाऱ्याची पुडी घेतो.

पुराची गोष्ट त्यानं सोडून दिली. आता नवीच सांगतो. परवा माझ्या मेव्हण्याला सांगितली.

"ह्यानं अंगारा दिला म्हणून हाय मी. ह्यो नसता तर तिथंच गेलतो की."

सांगताना त्याचे डोळे भरतात. कुणी हसत नाही. मी मान खाली घालून बसतो. लोकांना वाटतं, लाजतोय. मला ही गोष्ट आवडते. सांगता सांगता तो कपाळाला अंगारा लावल्याचं विसरला, तर मी आठवण करून देतो.