हात लागला की लाकूड

प्रयोगशाळेत सगळे त्यांना माई म्हणत. पाइन झाडाच्या पेशी काचेच्या बशांत वाढवणं हे त्यांचं काम. निम्म्या बशांना लाकूड करणारं खाद्य, उरलेल्यांना मऊच ठेवणारं. लाकूड होणारी पेशी आधी स्वतःभोवती जाड भिंत बांधते. मग तिच्याच पोटात तयार झालेली प्रथिनं तिला आतून खाऊन टाकतात. पेशी मरते, भिंत तेवढी उरते.

एका वर्षी मऊ राहायच्या पेशीही लाकूड होऊ लागल्या, त्याही फक्त माईंच्या बशांतल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना वाटलं, खाद्याची अदलाबदल झाली असेल. खाद्य नवं केलं, पाणी बदललं, हातमोजे बदलले. शेवटी बाईंनी स्वतः बशा भरल्या. माईंनी त्या नुसत्या उचलून कपाटात ठेवल्या. पुढे पेशी कुटून प्रथिनं तपासली, तर तपासणीच्या चकतीवर भिंत बांधणाऱ्या प्रथिनांचे पट्टे गडद उमटलेले, म्हणजे ती भरपूर, आणि आतून खाणारीही हजर. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या पेशी मात्र लोण्यासारख्या मऊ.

माईंनी ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण मनातून जाईना. घरी त्यांनी नातीची वेणी घालणं सोडलं. हात दुखतो, म्हणाल्या. पोर मांडीवर यायला लागली की उठून जात. आपलं काय चुकलं, हे सुनेला कळेना. एका संध्याकाळी तिनं विचारलंच, तेव्हा माईंनी सगळं सांगून टाकलं.

सून हसली नाही. तिनं माईंचे हात निरखून पाहिले.

"खरं सांगू आई? आता मलाही भीती वाटतेय," ती म्हणाली. "पण तुमच्याशिवाय ती झोपत नाही हो."

आणि तिनं पोर माईंच्या मांडीवर ठेवली. पोर बघता बघता झोपली. दोघी बायका आळीपाळीनं तिचा दंड चाचपत बसल्या. मऊच होता.

नातीला काही झालं नाही. आता ती कॉलेजात जाते. बाईंना कारण कधीच सापडलं नाही. त्यांनी माईंना फक्त लाकूड करायच्या बशांवर नेमलं, आणि तिथलं काम मात्र झपाट्यानं पुढे गेलं.

माई निवृत्त झाल्या त्या दिवशी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण डोळे पुसत उठली, मिठी मारायला तिनं हात पसरले, आणि मध्येच थबकली. माईंनी स्वतःचे हात पाठीमागे घेतले आणि नुसतीच मान हलवून तिचा निरोप घेतला.