तांडेलाच्या वाट्याचा हात

डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा. मिटले. "आजोबा, सुई टोचलेली कळतेय?" मी म्हटलं, न कळायला काय झालं?

"अजून टोचलीच नाही," ते म्हणाले.

मला डायबेटिक फूट झालं होतं. म्हणजे साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, जखम कळत नाही आणि आतून सडत जाते. मी तिसरी शिकलेला, जन्मभर चिरेखाणीवर चिरे तासलेला माणूस. चपलेतून वर आलेला खिळा कितीतरी दिवस पायात घेऊन रत्नागिरीभर फिरलो. साखर असेल त्याने रोज तळवा बघावा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवावा. मी कुणाला दाखवला नाही.

प्रभूच्या कृपेने त्याच वॉर्डात माझी मुलगी एस्तेर नर्स. हे मी अख्ख्या वॉर्डाला सांगून टाकलं. पहिल्या दिवशी ड्रेसिंग तिनेच केलं. तळवा मेलेला, पण घोट्याकडे जीव होता, म्हणून मी कण्हलो. तिचा हात पिसासारखा. दुसऱ्या दिवशी मात्र तिने ब्रदरला, म्हणजे वॉर्डातल्या पुरुष नर्सला पाठवलं आणि स्वतः शेजारच्या खाटेकडे गेली.

तिथे इस्माईल तांडेल. बोटीवर आयुष्य गेलेला म्हातारा, दुखणं माझंच. एस्तेर त्याच्या पायाशी बसायची आणि तो वॉर्ड डोक्यावर घ्यायचा. झालं की मला म्हणायचा, "बाबा, पोरगी तुमची कसाई हाय. पण हात सोन्याचा." डबा उघडून चोरून फणसपोळी खाल्ली म्हणून ती त्याला रागवायचीसुद्धा. मला नुसतं विचारायची, बाबा, जेवलात?

माझा जळफळाट झाला. ओरडायचंच होतं तर मीही ओरडलो असतो. ब्रदरला सांगितलं, पायाला हात लावायचा नाही, माझी मुलगी येईल. दोनदा परत पाठवला. मग ताप चढला. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन वर सरकतंय, म्हणजे सड पसरतेय. पायाची करंगळी काढावी लागेल. असाच हट्ट केलात तर पाय घोट्यातून जाईल.

एस्तेर आली तेव्हा मी बोललोच. "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तू तांडेलाचे धुतेस. बापाचेच तेवढे जड झाले?"

ती स्टुलावर बसली.

"बाबा, पहिल्या दिवशी तुम्ही कण्हलात आणि माझा हात मागे आला. औषधाची पट्टी जखमेत खोलवर भरायची असते. ती मी वरच्या वर ठेवली. पू आत राहिला. म्हणून ब्रदरला पाठवलं."

मी माझ्या पायाकडे बघितलं.

"योएलचंही तेच," ती म्हणाली. योएल तिचा मुलगा. "दिवसभर ड्युटीवर असते म्हणून संध्याकाळी त्याला दुखवत नाही. मागेल तेव्हा मोबाईल देते. परवा शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, मुलगा खोटं बोलतो. मला ते आधीपासून ठाऊक होतं. रोज प्रार्थनेत मागते, देवा, परक्यांसाठी जो हात दिलास तो घरच्यांसाठीही दे."

मी पाय पुढे केला. म्हटलं, "मी खाणीवरचा माणूस आहे. तांडेलासारखं कर."

तिने केलं. मी असा ओरडलो की तांडेल खाटेवर उठून बसला. "या बाबा," म्हणाला, "आज तुमची पाळी."

करंगळी गेली, पाय राहिला. डॉक्टरांचे उपकार आहेत, ज्याच्यावर मी खेकसलो त्या ब्रदरचे आहेत, आणि प्रभूचे तर आहेतच. तांडेल माझ्या आधी घरी गेला. एस्तेर त्याला गेटपर्यंत सोडायला गेली. तेही मला आवडलं नाही, खोटं कशाला सांगू.

आता मी तिच्या घरी असतो. ती ड्युटीवरून येते, आधी योएलच्या हातातला मोबाईल काढून घेते. तो रडतो. तिचेही डोळे भरतात, पण परत देत नाही. मग माझ्या पायाशी बसते. योएल दारात उभा राहून आमच्याकडे बघत धुसफुसतो, "आई सारखी आजोबांकडेच."

ती नजर मला चांगली ठाऊक आहे. मी खाटेवर सरकतो, त्याला शेजारी बसवतो. पट्टी आत जायला लागली की त्याचाच हात घट्ट धरतो.