टेस्टरला न सापडलेली जागा

त्याला सगळे टेस्टरच म्हणायचे. पेशाने वायरमन, खिशाला टेस्टर कायम अडकवलेला, आणि स्वभावही तसाच. दिवा लागला तरी गडी खूश व्हायचा नाही. "थांबा, आधी करंट कुठून येतोय ते बघू," म्हणायचा.

बायकोचं सिझेरियन झालं आणि टपोऱ्या डोळ्यांची मुलगी जन्माला आली. टेस्टरला आभाळ ठेंगणं झालं. पण बायको कुशीवर वळताना ओठ दाताखाली धरायची, खोकला आला की पोटाशी उशी आवळायची. ते पाहून त्याचा जीव खालीवर व्हायचा. भिंतीतला बिघाड शोधून काढणारा हा माणूस तिच्या खाटेशी नुसता उभा राहायचा.

वॉर्डातल्या सिस्टरने ते पाहिलं. "दादा, खांबासारखे काय उभे? त्यांचा हात घ्या. इथे, तळव्याच्या मधोमध, जरा खाली. अंगठ्याने सावकाश दाबायचं. काही जणींना बरं वाटतं."

"पण दुखतंय पोटात!"

"हो."

"मग हातापासून पोटापर्यंत वायर कुठून गेलीय?"

सिस्टर हसली. "ते मलाही छातीठोक सांगता यायचं नाही. शिकवलंय तसं करते. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत. हे गोळीच्या जोडीला आहे, बदल्यात नाही."

बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई पुटपुटल्या, "दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला!"

टेस्टरने दाबायला घेतलं. हळूहळू बायकोच्या कपाळावरची आठी उलगडली, डोळे मिटले. तो चक्रावलाच. गोळी तर तिने नुकतीच घेतली होती. गुण गोळीचा की अंगठ्याचा? दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम गोळीच्या आधी दाबून पाहिलं. तरीही तिला बरं वाटलं.

तेवढ्यात सिस्टर डोकावली. "अहो दादा, ही जागा नव्हे! तुम्ही तर अंगठ्याखालचा उंचवटा दाबताय."

"मग हिला बरं कसं वाटतंय?"

बायको म्हणाली, "खरं सांगू? दाबताना तुमचा चेहरा गणित चुकलेल्या पोरासारखा होतो. मी तोच बघत बसते, तेवढं पोट विसरायला होतं."

"म्हणजे चेहऱ्याचा गुण?"

"मला काय ठाऊक!"

घरी आल्यावर, का कोण जाणे, त्याचा विश्वास बसत गेला. कामावरच्या सोबत्यांना तो हाताच्या जागा समजावू लागला, त्याही अर्ध्या चुकीच्या.

मग एका दुपारी बायको म्हणाली, "आज टाक्यांपाशी फार ठणकतंय." टेस्टर लगबगीने बसला. या वेळी अंगठा अगदी सिस्टरने दाखवलेल्या जागी टेकवला. उतार नाही. त्याने जोर वाढवला. तिचा तळवा लालबुंद झाला, तरी हा आपला दाबतोच आहे. सासूबाईंनी सहज लेकीच्या कपाळाला हात लावला आणि त्या ओरडल्या, "अहो, पोरगी तापाने फणफणलीय! हात कसले दाबताय? दवाखाना गाठा!"

टाक्यांच्या एका टोकाशी पू झाला होता. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधं बदलली आणि बजावलं, "ताप, लाली, वाढतं दुखणं, यातलं काहीही दिसलं की थेट इकडे यायचं."

घरी परतल्यावर टेस्टर जिन्यावरच बसकण मारून बसला. बायको हळूच मागे येऊन उभी राहिली.

"विश्वास नव्हता तेव्हा गुण आला," तो म्हणाला, "आणि विश्वास टाकला तर ऐनवेळी तोंडघशी पाडलं."

"अहो, पू झाला होता. त्याला हात काय करणार?"

"ते कळतंय गं. पण मग आधी काय झालं होतं?"



जखम भरली. ती उठबस करू लागली, तरी संध्याकाळी टाके ओढल्यासारखे झाले की हात पुढे करायची. टेस्टर आधी तिचं कपाळ चाचपायचा, टाके नीट बघायचा आणि मगच तळवा हातात घ्यायचा, तोही बुचकळ्यात पडलेल्या चेहऱ्याने.

एकदा तो असाच दाबत बसला असताना सासूबाई शेजारी येऊन टेकल्या आणि त्यांनी गुपचूप आपला हात पुढे केला. "गुडघा धरलाय माझा."

टेस्टर गडबडला. "गुडघ्याची जागा मला माहीत नाही हो, आई."

"मला तरी कुठे माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "दाबा कुठेतरी."